पित्याच्या नावाचा रकाना

आमची मुलगी घरी आली तेव्हा ती तीन वर्षे दोन महिन्यांची होती, आणि तिच्यासोबत आलेल्या कापडी पिशवीत दोन फ्रॉक, एक स्टीलचा पेला आणि लसीकरणाचे कार्ड एवढाच ऐवज होता. तिचे नाव मी येथे लिहिणार नाही. अशा मुलांची ओळख छापू नये असे कायदा सांगतो, आणि कायद्याने सांगितले नसते तरी मी ते लिहिले नसते. सांगायचे आहे ते तिच्या निमित्ताने माझे जे झाले त्याविषयी. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या मागच्या बाकावर बसून मी दृढीकरणाचा, म्हणजे लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्याची वचने स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याच्या विधीचा, वर्ग पूर्ण केला, आणि चर्चच्या ज्या मंडळीत माझा जन्म गेला त्या मंडळीत मी नेमक्या कोणत्या नात्याने बसते आहे, हा प्रश्न मला पहिल्यांदा स्वतःला विचारावा लागला.

मी नागपूरच्या एका मराठी ख्रिस्ती घरात वाढले. वडील रेल्वेत होते, आई शिक्षिका होती आणि घर सदर भागात होते. नाताळच्या आधी आठवडाभर घरात करंज्या आणि अनारसे होत, संध्याकाळी गाणी म्हणणारी मंडळींची टोळी दारात येई, आणि मोठी माणसे एकमेकांना ‘सलाम’ म्हणत. ख्रिस्ती असणे हे आमच्याकडे उंचीसारखे किंवा रंगासारखे होते. ते कोणी मिळवलेले नव्हते, त्यामुळे ते कोणाला गमावता येईल असेही वाटत नसे. वडिलांना या वारशाचा मोठा अभिमान होता. १८६३ साली ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, त्यांच्या स्मरणार्थ १८८३ मध्ये सुरू झालेले कॉलेज, सीताबर्डीचे म्यूर हॉस्पिटल, हे सगळे ते आपल्या नात्यातल्या माणसांविषयी बोलावे तसे सांगत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती आमच्याच शहरात, आणि त्या दिवशी बावीस वर्षांचे वडील त्या गर्दीत उभे होते. ही गोष्ट त्यांनी आम्हाला किती वेळा ऐकवली असेल याची गणती नाही.

माझा बाप्तिस्मा मी तीन महिन्यांची असताना झाला. पंधराव्या वर्षी दृढीकरणाच्या वर्गात नाव घातले, पण त्याच सुमारास विषमज्वराने दीड महिना अंथरुणावर होते, पुढच्या वर्षी दहावी आली, आणि त्यानंतर हा विषय निघालाच नाही. कोणीतरी धरून चालले की झाले असेल, आणि मीही ते धरून चालू दिले. लग्न त्याच मंडळीत झाले. प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रांगेत दृढीकरण झालेल्यांनी उभे राहायचे अशी आमच्याकडची रीत; त्या रांगेत मी पंचवीस वर्षे निःशंकपणे उभी राहत आले. हे लिहिताना आज संकोच वाटतो, तेव्हा वाटत नव्हता.

आम्हाला मूल झाले नाही. त्याची कथा येथे नको. २०१९ मध्ये आम्ही केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले. नोंदवण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी लागली, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात जुनी माहिती घट्ट बसलेली होती. ‘ख्रिस्ती माणसाला दत्तक घेता येत नाही’ असे ते ठामपणे सांगत, आणि त्यांच्या काळापुरते ते खरेच होते. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी आहे. ख्रिस्ती, मुसलमान आणि पारशी जोडप्यांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालक होता येत असे. माझ्या वडिलांच्या एका चुलतभावाने असेच एक मूल वाढवले होते. ते मूल त्यांच्या ताटात जेवले, त्यांचे आडनाव लावून शाळेत गेले, पण सज्ञान होताच कायद्याच्या दृष्टीने ते नाते संपले, आणि काका मृत्युपत्र न करता वारले तेव्हा घरावर हक्क पुतण्यांचा निघाला. बाल न्याय कायद्यात २००६ साली झालेल्या सुधारणेने आणि पुढे २०१५ च्या नव्या कायद्याने ही भिंत गेली. आता दत्तकाचा आदेश ज्या दिवशी अमलात येतो त्या दिवसापासून ते मूल, वारसाहक्कासह सर्व अर्थांनी, जणू त्याच आईवडिलांच्या पोटी जन्मले आहे असे कायदा मानतो. ‘पालक’ आणि ‘आईवडील’ या दोन शब्दांतले अंतर आमच्या घराला ठाऊक होते, म्हणून या वाक्याचे मोल आम्हाला इतरांपेक्षा जरा जास्त कळले.

नोंदणीनंतर गृहभेट झाली. समाजकार्यकर्त्या बाई दोन वेळा आल्या. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले, पगाराच्या पावत्या आणि वैद्यकीय दाखले पाहिले, आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून मूल कशाला हवे असे विचारले, आणि मूल मोठे होऊन जन्मदात्या आईविषयी विचारील तेव्हा काय सांगाल, असेही विचारले. कागदपत्रांच्या फेऱ्यांविषयी फार लिहीत नाही. एका कार्यालयात चर्चमधील विवाहाचा दाखला उलटसुलट करून पाहिला गेला आणि ‘हे चालत नाही, कोर्टाचे आणा’ असे सांगण्यात आले, तेव्हा १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याची प्रत घेऊन आम्हाला दुसऱ्यांदा जावे लागले, एवढे नोंदवते. त्यानंतर वाट पाहणे सुरू झाले. ते साडेतीन वर्षांहून अधिक चालले.

माझे पती शाळेत इतिहास शिकवतात. वाट पाहण्याच्या त्या काळात एका संध्याकाळी शहराच्या महाल भागातून येताना ते म्हणाले की, दत्तक हा शब्द या शहराला नवा नाही. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात पुत्र नसताना वारले, राणीवशाने दत्तक घेतलेला मुलगा वारस म्हणून मान्य करायला डलहौसीने नकार दिला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. आदेशावर सही झाली नाही की काय होते ते नागपूरकरांनी पाहिलेले आहे, असे ते हसत म्हणाले. मला त्या दिवशी हसू आले नाही. संकेतस्थळावरचा आमचा क्रमांक महिनोन्महिने जागचा हलत नव्हता, आणि प्रेम कितीही असले तरी सही दुसऱ्याच्या हातात असते, एवढेच मला त्या गोष्टीतून ऐकू आले.

२०२३ च्या फेब्रुवारीत संदेश आला. एक छायाचित्र, वैद्यकीय अहवाल, आणि मूल राखून ठेवण्यासाठी अठ्ठेचाळीस तास. आम्ही अठ्ठेचाळीस मिनिटेही घेतली नाहीत. रात्रीच्या गाडीने त्या जिल्ह्यात गेलो, संस्थेत तिला भेटलो, आणि मार्चमध्ये ती दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आली. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात पुन्हा तेथे जाऊन जिल्हाधिकाऱ्यांसमोर बसावे लागले. त्यांनी मुलीला पेढा दिला, आम्हाला चार प्रश्न विचारले आणि सही केली. मुलगी त्या वेळी खुर्चीखाली बसून माझ्या चपलेचा पट्टा काढत-लावत होती. आपण या क्षणी कोणाच्या झालो आहोत याची तिला गंधवार्ताही नव्हती.

पहिले काही महिने कठीण गेले, आणि जे लोक दत्तकाविषयी फक्त गोड लिहितात त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ती रात्री उठून संस्थेतल्या मावशीला हाका मारी. माझ्याकडे येत नसे, दाराकडे जाई. दिवसा ती शहाण्यासारखी वागे, सांगितलेले सर्व ऐके, आणि हे शहाणपणच मला भिववी, कारण तीन वर्षांच्या मुलाने इतके ऐकू नये. जेवताना ती अर्धी पोळी फ्रॉकच्या खिशात घाले आणि उशीखाली ठेवी. सकाळी मी उशी उचलली की वाळलेले तुकडे आणि मुंग्या निघत. आम्ही रागावलो नाही, समजावलेही नाही. डबा तिच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवला आणि गप्प राहिलो. मला ती ‘आई’ म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती. ओढणी ओढून लक्ष वेधून घेई.

याच दिवसांत आमच्या आत्याबाई तिला पाहायला आल्या. त्या ऐंशीच्या घरातल्या, मंडळीत सर्वांत जुन्या, महिला मंडळाच्या एके काळच्या अध्यक्षा. त्यांनी मुलीच्या हातात पाचशेची नोट दिली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघताना दारात मला हळू आवाजात म्हणाल्या, “पोरगी गुणाची आहे गं. पण रक्त आपलं नाही, एवढं ध्यानात ठेव. आपलं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती.” दुष्टपणाने म्हणाल्या नाहीत. जिना सावकाश उतर, पायरी फुटली आहे, असे सांगावे तितक्याच काळजीने म्हणाल्या. त्यामुळेच ते वाक्य मला झटकता येईना.

जूनमध्ये मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, तिच्या बाप्तिस्म्याविषयी बोलायला गेले. त्यांनी वही उघडली, तारखा पाहिल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारावा तसे विचारले, “ताई, तुमचे दृढीकरण कोणत्या साली झाले? तुम्ही तिच्यासाठी वचन देणार, तर तेवढी नोंद लागेल.” मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले की झालेले नाही. त्यांनी पेन खाली ठेवले. पंचवीस वर्षांच्या प्रभुभोजनाविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या रविवारपासून उपासनेनंतर वर्ग सुरू होणार आहे, या, एवढेच म्हणाले.

वर्गात तेरा मुले होती आणि मी. मुले मला ‘आंटी’ म्हणत. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, पाठ म्हणताना मी एका ओळीवर अडखळले की पुढच्या बाकावरची एक मुलगी मान न वळवता ती ओळ पुटपुटून देई. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, दोन संस्कार हे सर्व मला येत होते, किंवा येते असा माझा समज होता. पहिल्याच तासाला पाळकसाहेबांनी प्रभूच्या प्रार्थनेचा ‘आमच्या’ हा एकच शब्द फळ्यावर लिहिला आणि ‘माझ्या’ का नाही, असे विचारले. एकटा गुडघे टेकून खोलीत प्रार्थना करणारा माणूसही ‘आमच्या पित्या’ असेच म्हणतो. म्हणजे पित्याला हाक मारताक्षणी भावंडांसकट मारावी लागते, त्यांतली काही आपल्याला आवडत नसली तरीही. मला आत्याबाई आठवल्या.

चौथ्या की पाचव्या रविवारी विषय होता बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. त्यातले ‘दत्तकपणाचा आत्मा’ हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. अंत्यविधीला ऐकले होते, पेन्टेकॉस्टला ऐकले होते. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा कागद कपाटात असताना ते पहिल्यांदाच ऐकत होते. पाळकसाहेबांनी सांगितले की मूळ ग्रीकमधला हा शब्द, ह्विओथेसिया, नव्या करारात पाचच वेळा येतो, तीनदा रोमकरांस पत्रात आणि एकेकदा गलतीकर व इफिसकरांस पत्रांत, आणि तो पौलाच्या नावावरील पत्रांबाहेर कोठे येत नाही. पौल ज्या जगात लिहीत होता त्या रोमी जगात दत्तक बहुधा तान्ह्या मुलाला नव्हे, तर मोठ्या पुरुषाला घेत; घराण्याला वारस हवा म्हणून घेत. ऑगस्टसला ज्यूलियस सीझरने मृत्युपत्राने दत्तक घेतले होते आणि ऑगस्टसने पुढे तिबेरियसला घेतले. दत्तक गेलेल्याचे जुने घर सुटे, नव्या पित्याचे नाव लागे, आणि नव्या घराच्या संपत्तीत त्याचा वाटा औरस मुलासारखा होई. म्हणूनच पौल दोन ओळींनंतर लगेच ‘वारस’ या शब्दावर येतो. माझ्या मनात त्या वेळी काकांचे घर होते आणि ज्याला ते मिळाले नाही तो मुलगा होता. पालकत्व आणि दत्तक यांतला फरक पौलाला ठाऊक होता, हे कळून मला बसल्या जागी काहीतरी झाले. त्याला नाव देणे अवघड आहे.

त्याच तासाला एका मुलाने विचारले, “मग येशू पण दत्तक का?” वर्ग हसला. पाळकसाहेब हसले नाहीत. तो पुत्रच आहे आणि आपण त्याच्यामुळे मुले होतो, हे त्यांनी समजावून सांगितले. पण पुढे म्हणाले की प्रश्न वाटतो तितका वेडा नाही, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडा. अब्राहामापासून दाविदापर्यंत आणि दाविदापासून पुढे ती लांबलचक वंशावळ कोणापर्यंत येते? योसेफापर्यंत. आणि योसेफाने या बाळासाठी काय केले? त्याचे नाव ठेवले. दाविदाच्या घराण्याशी त्या बाळाचा संबंध मत्तयाने जोडला आहे तो रक्ताने जोडला नाही, नाव ठेवणाऱ्या माणसाच्या हाताने जोडला आहे. दर नाताळात आमच्याकडे हा अध्याय वाचला जातो आणि दर नाताळात मी त्या नावांच्या यादीत कंटाळून खिडकीबाहेर बघत असे.

रोमकरांस पत्राच्या त्याच वचनात पित्याला मारलेली ‘अब्बा’ ही हाक आहे; त्या शब्दाविषयी मात्र मी पाळकसाहेबांच्या आधीच शिकले होते असे म्हणावे लागेल. कित्येक उपदेशांत सांगतात की अब्बा म्हणजे लहान मुलाचे बोबडे ‘पप्पा’. आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब आहे. तेथला पन्नाशीचा मुलगा, मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापारी, संध्याकाळी दुकान बंद करून आला की दारातूनच आपल्या वृद्ध वडिलांना ‘अब्बा’ अशी हाक मारतो, आणि त्या हाकेत बोबडेपणा अजिबात नसतो. पाळकसाहेबही म्हणाले की अरामी भाषेत मोठी माणसेसुद्धा हाच शब्द वापरत. मला ते बरे वाटले. मोठ्या माणसालाही मारता येईल अशी हाक असल्याशिवाय माझा त्यात शिरकाव कसा होणार होता?

दरम्यान घरात वेगळाच वाद चालू होता. माझ्या सासूबाई बिलासपूरकडच्या, डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट या मंडळीत वाढलेल्या. १९७० च्या ऐक्यात ती परंपरा सामील झाली, बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही सामील झाले, आणि म्हणून आमच्या चर्चमध्ये बालबाप्तिस्मा आणि स्वतः विश्वास ठेवून मोठेपणी घेतलेला बाप्तिस्मा या दोन्हींना जागा आहे. कागदावर हे ऐक्य पन्नास वर्षांचे झाले आहे. जेवणाच्या टेबलावर ते अजून व्हायचे आहे. सासूबाई म्हणत, “बेटा, तिला कळू दे आधी. विश्वास कोणी दुसऱ्याच्या वतीने ठेवतं का? तू स्वतःच बघ, तुला तीन महिन्यांची असताना पाणी लावलं, काय कळलं होतं तुला?” त्यांचे म्हणणे हलके नव्हते. गलतीकरांस पत्रात पौल स्पष्ट सांगतो की तुम्ही देवाची मुले आहात ती विश्वासाच्या द्वारे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी विचारपूर्वक, उभे राहून, स्वतःच्या तोंडाने आपली ओळख निवडली, त्या शहरात राहून ‘निवड’ या शब्दाला कमी लेखणे मला शक्य नव्हते. मी त्यांना उत्तर देत असे की तिने आम्हालाही निवडलेले नाही. पण हे उत्तर चतुर आहे आणि पुरे नाही, हे मला माहीत होते. आदेशाने ती आमची झाली हे खरे. मग विश्वासाचे काम काय उरते?

त्याचे उत्तर मला वर्गात मिळाले नाही. सप्टेंबरमध्ये, पोळ्याच्या सुमारास, एके सकाळी मी तिची उशी उचलली तर खाली काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशीही नव्हते. आठवडाभर पाहिले. तिने काही सांगितले नाही, आम्ही काही विचारले नाही. आजची पोळी उद्याही मिळणार आहे एवढे तिच्या आत कोठेतरी बसले, आणि लपवणे थांबले. ती लपवीत होती तेव्हाही ती आमची मुलगी होती. लपवणे थांबल्यामुळे ती मुलगी झाली नाही. पण जोवर लपवीत होती तोवर या घरातले जेवण तिच्या अंगी लागत नव्हते, ती घरात राहूनही संस्थेतच जेवत होती. दास्याचा आत्मा, पुन्हा भीती बाळगणे, असे शब्द पौलाने त्याच वचनाच्या पहिल्या अर्ध्यात वापरले आहेत, आणि मी ते आजवर नुसते ओलांडून पुढच्या गोड शब्दांकडे जात आले होते. विश्वास म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे काहीतरी पराक्रम होता, जो मोठ्या भक्तांना जमतो. उशीखालची चादर झटकताना वाटले की तो बहुधा इतकाच असावा: खिसा रिकामा ठेवून झोपणे. आणि मग हेही वाटले की पंचवीस वर्षे मी काय करीत होते? चार पिढ्यांचे घराणे, हिस्लॉप, १९७० ची ती सभा, हे सगळे मी उशीखाली ठेवून झोपत होते, न जाणो दारात कोणी विचारलेच तर दाखवायला असावे म्हणून.

सासूबाईंना मी उशीची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “बाप्तिस्मा दे तिला. पण मोठी झाल्यावर तिला तुझ्यासारखं टाळू देऊ नको.” हा टोमणा होता आणि तडजोडही होती. मी दोन्ही स्वीकारले.

दृढीकरणासाठी माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. माझ्या आईने जपून ठेवलेला कागद वाळवीने खाल्ला होता, म्हणून मूळ नोंदवही पाहावी लागली. जुन्या वह्या एका लोखंडी कपाटात होत्या. सेक्रेटरींनी १९७८ ची वही काढून दिली, माझी नोंद सापडली, आणि खरे तर काम तेथेच संपले होते. पण त्या दुपारी वीज गेलेली होती, सेक्रेटरी झेरॉक्ससाठी खोळंबले होते, आणि मी सहज त्याहून जुन्या वह्या चाळू लागले. आमच्या पणजोबांविषयी घरात एवढेच सांगितले जाई की ते मिशनच्या शाळेतले होते. ‘मिशनच्या शाळेतले’ म्हणजे शिकलेले, सुसंस्कृत, असा त्याचा अर्थ आम्ही घेत आलो होतो. १९०० सालच्या पानावर त्यांचे नाव सापडले. वय अंदाजे सहा. निवास या रकान्यात अनाथाश्रम. पित्याच्या नावाच्या रकान्यात, झरत्या शाईच्या वळणदार अक्षरात, ‘माहीत नाही’ असा अर्थ असलेला एकच इंग्रजी शब्द होता. त्याच पानावर आणखी अकरा मुले होती आणि त्यांतल्या सात जणांच्या पुढे तोच शब्द होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाविषयी मी शाळेत शिकले होते. मध्य प्रांतात माणसे कशी मेली ते पतीने मला अनेकदा सांगितले होते. त्या दुष्काळाच्या वाटेवर कोणीतरी उचललेले एक मूल म्हणजे आमचे चार पिढ्यांचे घराणे.

आडनावसुद्धा त्याच पानावर, वेगळ्या शाईने, नंतर लिहिलेले दिसत होते. म्हणजे तेही कोणीतरी दिलेले.

मी त्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढले. आत्याबाईंना दाखवायचे असे त्या दिवशी ठरवले होते. रिक्षात बसेपर्यंत तर मी त्यांना काय बोलायचे त्याची वाक्येही जुळवली होती. अजून दाखवलेले नाही. त्या माणसाच्या मांडीवर त्या खेळलेल्या आहेत, आणि त्यांना जे ठाऊक नाही ते माझ्या विजयासाठी त्यांच्यासमोर ठेवणे मला नंतर बरे वाटेना. कदाचित त्यांना ठाऊक असेलही. चार पिढ्या मोजताना त्या पाचवी कधीच का मोजत नाहीत, हे माझ्या त्यानंतर लक्षात आले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी बिशपांनी आम्हा चौदा जणांच्या डोक्यावर हात ठेवले. उंचीप्रमाणे रांग लावली होती, त्यामुळे मी शेवटची होते. गुडघे टेकताना त्रास होतो म्हणून एका मुलाने मला हात दिला. त्या क्षणी काही दिव्य वाटले असे मी सांगू शकत नाही. चर्चमधला पंखा आवाज करीत होता आणि माझी साडी पायाखाली अडकली होती. पण प्रभुभोजनाची भाकर हातावर आली तेव्हा, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, मला ती मिळण्याचे काही कारण आहे असे वाटले नाही, आणि म्हणूनच ती पूर्ण माझी आहे असे वाटले.

त्याच उपासनेत, तासाभराने, मुलीचा बाप्तिस्मा झाला. पाणी पाहून तिने माझा खांदा घट्ट धरला आणि पाळकसाहेबांनी तिचे नाव उच्चारले तेव्हा ती मोठ्याने ‘हो’ म्हणाली, कारण शाळेत हजेरीला तसेच म्हणायचे असते. लोक हसले. सासूबाई मात्र डोळे पुसत मला म्हणाल्या, “बघ, बोलली ना स्वतः.” नोंदवहीत पाळकसाहेबांनी पित्याच्या नावाच्या रकान्यात माझ्या पतीचे नाव लिहिले, मातेच्या रकान्यात माझे. ‘दत्तक’ असा शब्द लिहायचा का, असे मी विचारले, तर त्यांनी वही माझ्याकडे फिरवून दाखवली. त्या पानावर तशी नोंद करायला रकानाच नव्हता. आत्याबाई दुसऱ्या बाकावर होत्या. त्यांनी मुलीच्या गळ्यात आपल्या आईची चांदीची क्रुसाची साखळी घातली, आणि ती घालताना कोणाकडेही पाहिले नाही.

दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, समाजकार्यकर्त्या बाईंनी घरी येऊन अहवाल द्यायचा असतो. शेवटची भेट २०२५ च्या मार्चमध्ये झाली. एव्हाना मुलगी पाच वर्षांची झाली होती, मला ‘आई’ आणि पतींना ‘बाबा’ म्हणत होती (आधी त्यांना, नंतर मला, याचे शल्य मला अजून आहे), आणि रागावली की दार आपटत होती, ज्याचे मला पहिल्या महिन्यांतले ते शहाणपण आठवून बरे वाटते. बाईंनी तिला मांडीशी घेऊन विचारले की तुझ्या घरात कोण कोण आहे. तिने बोटे मोजत सांगितले: आई, बाबा, आजी, मोठी आत्या, संस्थेतली मावशी, वर्गातली दीदी, आणि अब्बा. अब्बा कोण, असे बाईंनी विचारले, तर तिने खिडकीकडे बोट दाखवले. शेजारचे म्हातारे आजोबा तेव्हा गच्चीत कबुतरांना दाणे टाकीत होते. फॉर्मवर कुटुंबातील सदस्यांसाठी चार ओळी होत्या. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मी काही बोलले नाही, आणि त्यांनी पुढची नावे लिहिण्यासाठी कागद उलटा केला.